मेल्या उंदराचा वास

नकासोजो गावात तेओपिस्ता नाकिबुलेला नावानं कुणी हाक मारत नसे. तिच्या भावांना मिळून अकरा मुली, त्या अकरा जणींची ती आत्या. आणि आमच्याकडे आत्या हे नुसतं नातं नसतं, ती नेमणूक असते. पोरगी वयात आली की तिला चार गोष्टी सांगायच्या आत्यानं, मागणी आली की पाहुण्यांशी बोलायचं आत्यानं, नवरा नांदवेना झाला की भांडायला जायचंही आत्यानंच. त्यामुळे ती साऱ्या गावाची तेओआत्या. अंगानं भरदार, तोंडानं फटकळ, आणि किळसेच्या बाबतीत तर विचारायची सोय नाही.

ती किळस तिच्या नाकात वस्तीला होती. तीन घरं पलीकडे कुणाचं मटोके, म्हणजे शिजत घातलेली कच्ची केळी, करपलं ते तिला इथं बसून कळे. दूध नासणार असेल तर दुधाच्या आधी तिला कळे. बाजारातला मांसवाला ज्या हातानं नाक शिंकरतो त्याच हातानं कलेजी तोलतो, म्हणून त्याच्याकडचं मांस तिनं पंधरा वर्षांत खाल्लं नव्हतं. चार पुरुष एका भोपळ्यातून, एकाच नळीनं केळ्याची दारू ओढतात हे बघून तिला उमासे येत. पाद्रीबाबांनाही तिनं सोडलं नव्हतं. "देवाच्या दारात जायचं तर बगला धुऊन जावं माणसानं. मी क्षमा मागायला गुडघे टेकते आणि हा झगा हलवतो!"

"हिचं नाक एखाद्या कुत्र्याला दिलं असतं ना, तर ते बिचारं आठ दिवसांत वैतागून मेलं असतं," केविना म्हणायची. केविना म्हणजे शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी सासरी आलेल्या, एकाच वर्षी विधवा झालेल्या.

घरात तेओआत्या आणि सून गोरेती, एवढ्या दोघीच. मुलगा लॉरीवर, महिन्यातून दोनदा उगवायचा. सकाळी डोळे उघडले की सासूचं पहिलं वाक्य ठरलेलं: "संडासात राख टाकलीस का?" गोरेती गुडघ्यांवर बसून आधी नमस्कार करी आणि मग राखेचा हिशेब देई.

अशा बाईच्या अंगात रोग शिरला तोही तिला शिसारी आणतच. आधी तहान लागायला लागली. मडकंच्या मडकं रिकामं व्हायचं, आणि मग न्हाणीच्या मागं फेऱ्या. एका सकाळी तिनं पाहिलं तर न्हाणीमागच्या ओल्या मातीवर मुंग्यांची रांग लागलेली, लग्नाला निघाल्यासारखी. हे बघितल्यावर आमच्याकडे दुसरं काही विचारावं लागत नाही. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याच्या अंगात साखर झाली. हे आमच्या आज्यांच्याही आज्यांना माहीत होतं, तेव्हा कुणाकडे मशीन नव्हतं.

"शी! माझ्या मुतावर जत्रा भरली!" तेओआत्या म्हणाली, आणि तोंडाला फडकं लावून सरकारी दवाखान्यात गेली.

तिथं सिस्टर आकेल्लो होती. उत्तरेकडची, उंच, काळीशार, आमची भाषा मोडून बोलणारी. तिनं बोट टोचलं. मशिनीवर एकोणीस आकडा आला.

"मावशी, सातच्या आत पाहिजे. तुमचं एकोणीस. रक्त नाही, सरबत झालं."

"मग आता?"

"गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. मटोके मूठभर. चहात साखर नाही. आणि पाय रोज बघायचे. तळवेपण. स्वतःला दिसत नाही तर सुनेला दाखवायचे."

"तळवे? सुनेला?" तेओआत्यानं नाक मुरडलं. "मी काय बैल आहे का, खूर तपासून घ्यायला?"

गोळ्या मात्र तिनं घेतल्या. तीन महिने नेमानं घेतल्या, मूठभर खाल्लं, बिनसाखरेचा चहा प्याली. आकडा नवावर आला. पण वजनही उतरलं. अंगावरची गोमेसी, तो कमरेला पट्टा बांधायचा पायघोळ झगा, खांद्यांवरून घसरायला लागली, आणि आमच्या गावात बाई बारीक झाली की लोक साखरेचं नाव घेत नाहीत. लोक त्या दुसऱ्या रोगाचं नाव घेतात, तेही न घेता घेतात. विहिरीवर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "विधवा बाई, लॉरीवाल्यांचं येणंजाणं असतं घरी..." असलं बोलणाऱ्या तोंडांना केळीच्या सालीनं घासून काढलं पाहिजे. पण तोंडं गावाची, किती घासणार?

त्यात चहाचं झेंगट. केविनाच्या घरी गेलं की ती चार चमचे साखर घालून कप पुढे करायची. पहिल्यांदा तेओआत्या नको म्हणाली तेव्हा केविनाचा चेहरा उतरला.

"माझ्या हातचं नको? का गं? मी काय त्यात कालवलंय असं वाटतं तुला?"

आमच्याकडे हाच तर फास आहे. पुढ्यात आलेलं नाकारलं म्हणजे समोरच्या बाईला विष घालणारी म्हटल्यासारखं. त्यापेक्षा कानाखाली दिलेली बरी. तेओआत्यानं कप घेतला, प्याली, आणि वर "छान झालाय" असंही म्हणाली. तसे दिवसातून तीन-चार कप व्हायचे. केविनाही तो चहा घटाघटा प्यायची. तिलाही दोन वर्षांपासून तीच तहान होती, पण दवाखान्याची पायरी ती चढली नव्हती. "सुया टोचून घेतलेला माणूस मरतोच," हे तिचं पक्कं होतं. तिचा भाऊ इंजेक्शन सुरू झाल्यावर महिनाभरात गेला होता. तो दवाखान्यात पोचला तेव्हाच अर्धा गेलेला होता, ते कुणी मोजायचं?

मग दर गुरुवारच्या बाजारात डॉक्टर सेंदावुला यायला लागला. डॉक्टर कुणी केला त्याला, देव जाणे. अंगात पांढरा कोट, पायात आरशासारखे बूट, टपावर कर्णा लावलेली गाडी. मोठ्या उंबराखाली गाडी लावायचा आणि कर्ण्यात ओरडायचा, "आयांनो, बापांनो! गोडाला कोण मारतं?"

"कडू!" लोक ओरडायचे.

"दवाखान्याच्या गोळीला चव आहे का?"

"नाही!"

"मग ती साखर मारेल कशी?"

या युक्तिवादावर माना डोलवणारी गर्दी बघितली की माणसाच्या जातीचाच वीट येतो. तर हा बाबा करायचा काय, की गर्दीतल्या एखाद्या साखरेच्या रोग्याला टमरेल देऊन गाडीमागं पाठवायचा. तो टमरेल भरून घेऊन आला की वारुळाजवळ केळीच्या पानाचा तुकडा टाकून त्यावर ते ओतायचा. मुंग्या यायच्या. मग त्या माणसाला कडू औषधाचा पेला पाजायचा, तासभर देवाचं नाव आणि औषधाचं गुणगान चालायचं, आणि पुन्हा टमरेल. आता दुसरं पान तो स्वतःच्या पिशवीतून काढायचा. मुंग्या पानाच्या कडेपर्यंत यायच्या आणि मागं फिरायच्या.

"बघा! साखर गेली! मशीन खोटं बोलेल, मुंगीला कुणी लाच दिलीय?"

तेओआत्या पुढच्या रांगेत उभी होती. चारचौघांत मूत मांडलेलं बघून तिला ढवळून येत होतं. तिनं गोमेसीचा पट्टा नाकावर दाबून धरला होता, एवढा घट्ट की श्वास तोंडानं घ्यावा लागत होता. साऱ्या गावाला पुरून उरणारं नाक, आणि ज्या दिवशी त्याची गरज होती त्या दिवशी तिनंच ते बांधून ठेवलं. डोळ्यांनी मात्र पाहिलं: मुंग्या मागं फिरल्या.

तिनं बाटली घेतली. पाण्याची जुनी बाटली, वरचा कागदही काढलेला नव्हता. घरी येऊन बघते तर आत माशीचा पाय. तिनं ते हिरवट पाणी तीन वेळा फडक्यातून गाळलं आणि डोळे मिटून प्याली. असलं कडू, की दात आंबले.

"एवढं वाईट लागतंय म्हणजे काम करणार," ती गोरेतीला म्हणाली. "आणि हे बघ, न्हाणीच्या मागं आजपासून राख टाकत जा. भरपूर टाक. आपल्या भाचीच्या, नाम्पीमाच्या, मागणीचे पाहुणे येतील महिन्याभरात, मुंग्या दिसल्या तर नाक कापलं जाईल माझं."

"हो आई."

चार दिवसांनी तिनं न्हाणीमागं जाऊन वाकून पाहिलं. एक मुंगी नाही. आठ दिवसांनी पाहिलं. नाही. राखेवरून मुंगी चालत नाही हे शेंबड्या पोराला कळतं, आणि राख टाकायला तिनंच सांगितलं होतं. पण माणसाला बरं झालो असं वाटायची घाई असली की अक्कल गहाण पडते. सेंदावुलानं बजावलं होतं की दोन औषधं पोटात भांडतात. तेओआत्यानं गोळ्यांचं पाकीट पत्र्याच्या डब्यात टाकलं, डबा पेटीत टाकला, आणि दर मंगळवारी दवाखान्यात तपासणीला जाणं बंद केलं.

अंग पुन्हा भरलं. निदान तसं तिला वाटलं. पायांचे तळवे बधिर झाले होते, चुलीतला निखारा पायाखाली आला तरी कळायचं नाही. पण दुखत नाही ते बरंच, असं तिनं ठरवलं.

नाम्पीमाच्या मागणीला पाहुणे दोन गाड्या भरून आले. साखरेची पोती, गोड सोड्याचे खोके, मांसाच्या टोपल्या, आणि आत्यासाठी नवी गोमेसी अन् चकचकीत काळे बूट. बूट एक नंबर लहान. पण आत्याला दिलेली भेट तिनं पायात घातली नाही तर पाहुण्यांच्या तोंडावर मारल्यासारखं. तिनं पाय कोंबले. दिवसभर उभी राहिली, टोमणे मारले, नवऱ्यामुलाला घाम फोडला, चार बाटल्या सोडा रिचवला. बूट कुठंच लागले नाहीत म्हणून ते घालून दाखवायलाही गेली केविनाला. "बघ, कसे बसलेत. जणू मापानं शिवलेत."

संध्याकाळी बूट काढले तर अंगठ्याखाली कातडी सोललेली. तिनं पाला वाटून लावला, वर चिंधी गुंडाळली आणि विसरली. दुखत असतं तर लक्षात राहिलं असतं.

दहा-बारा दिवसांनी तिला घरात वास आला.

"गोरेती, उंदीर मेलाय कुठंतरी."

गोरेतीनं मान खाली घातली. "शोधते, आई."

पेट्या ओढल्या. शेंगांची पोती बाहेर काढली. गादी उन्हात टाकली. जमिनीवर अंथरलेलं गवत उचलून जाळलं, नवं अंथरलं. उंदीर नव्हता. वास होता, गोडसर, घशात चिकटणारा. तेओआत्यानं जेवण टाकलं. रविवारी ती चर्चमध्ये गेली तर वास तिथंही. तिनं तीन वेळा बाक बदलला आणि शेवटी मोठ्यानं म्हणाली, "देवाच्या घरात उंदीर मरून पडलाय आणि कुणाला पत्ता नाही!" बाजारात गेली, तिथंही वास. "सगळ्या गावातच मरी आलीय उंदरांना," ती म्हणाली.

मग ती केविनाकडे गेली. केविनाच्या घरी लेकीच्या सासरची माणसं आली होती. चटया अंथरलेल्या, चहा झालेला. तेओआत्या बसली, कप हातात घेतला आणि तशीच उठली.

"केविना, तुझ्या कोठीत उंदीर मेलाय."

"काय बोलतेस? सकाळीच झाडलंय सगळं."

"झाडलं असशील पुढचं. मागं कुजलंय. नाक आहे का वाळलेला भोपळा?"

"तेओ, पाहुणे बसलेत..."

"पाहुण्यांनाच विचार. सांगा हो, येत नाही वास?"

पाहुण्यांना वास येत होता. न यायला काय झालं? ते एकमेकांकडे बघत राहिले. तेओआत्या ओणवी होऊन कोठीत शिरली, केविनाची मडकी, पोती, जुने कपडे एकेक करून व्याह्यांच्या समोर बाहेर काढले. काहीच सापडलं नाही. केविना दारात उभी होती, डोळ्यांत पाणी.

"चाळीस वर्षांत माझ्या घराला कुणी घाण म्हटलं नाही. ऊठ. माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोरेती ताट घेऊन आली. रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, ताट सासूपुढे सरकवलं, आणि तोंड फिरवून ओकारी दाबली.

"काय गं? दिवस गेलेत की काय?" तेओआत्याचा चेहरा उजळला.

गोरेती रडायला लागली. "आई... तुमचा पाय."

"काय माझा पाय?"

गोरेतीनं चिंधी सोडली. शेवटचा वेढा कातडीसकट निघाला. अंगठा काळा पडला होता, खालची जखम मुठीएवढी झाली होती, आणि तिच्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं. तेओआत्या बघत राहिली. मग ती स्वतःच्याच पायाकडे बघून ताटात ओकली. जन्मभर जिनं जगाची घाण काढली त्या बाईचा उंदीर तिच्याच पायाला बांधलेला होता, आणि ती त्याला सगळ्या गावात फिरवून आली होती.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"सहा दिवस. खाली बसले की वास येतो ना, आई. तुमचा पाय माझ्या नाकाशीच असतो."

"आणि बोलली नाहीस? जीभ झडली होती?"

"सासूला वास मारतो असं सुनेनं कसं सांगायचं? मला माझ्या आत्यानं सांगितलं होतं लग्नाआधी, सासरी कसलाही वास आला तरी नाकाला हात लावू नको."

 हे वाक्य तेओआत्यानं स्वतः अकरा पोरींना सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

सिस्टर आकेल्लोनं पाय बघितला आणि तोंडावर फडकं न घेता तो धुतला. मशीनवर आकडा नाही, नुसती अक्षरं आली. म्हणजे मोजण्याच्या पलीकडे. "गोळ्या?" तिनं विचारलं. तेओआत्यानं मान वळवली. सिस्टरनं एकच शिवी दिली, स्वतःच्या भाषेत, आणि गाडी बोलावली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर तिनं गोरेतीला विचारलं, "पण मुंग्या तर गेल्या होत्या ना गं?"

"राख होती ना, आई. तुम्हीच टाकायला सांगितली होती."



पाय तिनं इस्पितळात टाकू दिला नाही. भावानं तो झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून आणला, मढ्याला गुंडाळतात तसा, आणि भावकीच्या केळीच्या बागेत पुरला. त्या पुरण्याला माणसं जमली, आणि जमलेल्या माणसांना चहा देण्यात आला. चार-चार चमचे साखर घालून. तेओआत्या खाटेवरून बघत होती. "माझा पाय ज्यानं खाल्ला तेच वाटा आता," ती म्हणाली, पण कप फिरत राहिले. केविना आली नव्हती.

आता तिला इंजेक्शन होतं. मातीच्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटी बाटली, ते मडकं घराच्या गार कोपऱ्यात. सकाळ-संध्याकाळ ती स्वतः पोटाला टोचून घ्यायची आणि गोरेती रोज उरलेल्या पायाचा तळवा बघायची. पहिले काही दिवस तेओआत्या लाजेनं डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या महिन्यात कुबड्यांवर चालता आल्यावर ती गुरुवारच्या बाजारात गेली. उंबराखाली तीच गाडी, तोच कोट, तेच बूट. पहिलं पान झालं होतं, मुंग्या जमल्या होत्या. सेंदावुलानं पिशवीतून दुसरं पान काढलं. तेओआत्या पुढे सरकली. या वेळी नाकावर काही नव्हतं.

"थांब रे. ते पान इकडं आण."

"आत्या, तुम्ही बसा. तुम्हाला त्रास..."

"आण म्हणते ना!" तिनं कुबडीच्या टोकानं पान ओढलं, वाकली, हुंगलं. "रॉकेल! मंडळी, पानाला रॉकेल चोळलंय यानं! साखर कुणाची गेली नाही. मुंगी रॉकेलवर जात नाही, बस्स. हुंगा, या, हुंगून बघा!"

 एकजण पुढे यायला लागला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे तेच नाक ना, ज्याला माझ्या कोठीत उंदीर सापडला होता?"

केविना होती. हातात दोन बाटल्या. आधी एक बाई हसली, मग चार, मग सगळा बाजार. चर्चमधली बाकाची गोष्ट निघाली, बाजारातल्या मरीची निघाली. पुढे आलेला माणूस मागं गेला. सेंदावुलानं हसू संपेपर्यंत थांबून कर्णा तोंडाला लावला, अगदी हळू आवाजात बोलला, दुःख झाल्यासारखं.

"आयांनो, बापांनो, मी या माउलीशी भांडणार नाही. तुम्ही फक्त बघा. ही दवाखान्यात गेली. तिचे पाय मोजा. माझ्याकडे आलेल्यांचे मोजा."

लोकांनी मोजले. लोकांना तेवढंच मोजता येतं. तासाभरात गाडीतल्या बाटल्या संपल्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथं तर शेळीच खाणाऱ्याच्या दारात रांग लावून उभी होती. तेओआत्या उंबराच्या मुळाजवळ थुंकली, आणि कुबड्या टेकत घरी आली. "कुजा मग," ती वाटभर म्हणत होती. "सगळे कुजा. मला काय करायचंय!"

त्यानंतर पाच आठवडे गेले. एका दुपारी ती परसात शेंगा फोडत बसली होती. पुढच्या वाटेनं नाही, केळींमधून वाट काढत, कुणाला दिसणार नाही अशी केविना आली. चटईच्या कडेला बसली. गोरेतीनं गुडघे टेकून नमस्कार केला, चहा ठेवला. बिनसाखरेचा. केविनानं एक घोट घेतला, कपाकडे बघितलं, आणि सगळा प्याली.

तेओआत्या शेंगा फोडत राहिली. तिला चार हात दुरूनच कळलं होतं.

"तेओ," केविना कपाच्या तळाकडे बघत म्हणाली, "माझ्या घरात उंदीर मेलाय गं. चार दिवस शोधतेय. सगळी कोठी उपसली. सापडत नाही."

तेओआत्याच्या ओठांवर अख्ख्या बाजाराचं उत्तर आलं होतं. पाच आठवडे घोळवलेलं, धार लावलेलं. तिनं केविनाच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडाला सगळं माहीत होतं.

"पाय पुढं कर."

"राहू दे गं. घाण आहे."

"पुढं कर म्हणते."

केविनानं उजवा पाय पुढे केला. टाचेला फडकं होतं, कडेनं ओलं झालेलं. तेओआत्यानं तो पाय आपल्या अर्ध्या पायावर घेतला, फडकं सोडलं आणि वाकली. जन्मात जिनं दुसऱ्याच्या खरकट्याला हात लावला नाही, ती नाक टाचेला टेकेपर्यंत वाकली. तिनं लांब श्वास घेऊन हुंगलं आणि पुन्हा हुंगलं, यावेळी वरच्या बाजूला, घोट्यापाशी, मग नडगीपाशी. नडगीला नुसता घामाचा वास होता.

"शी, केविना," ती म्हणाली. "धुत पण नाहीस."

मग मान वर न करता तिनं सुनेला हाक मारली. "गोरेती! मोटारसायकलवाल्याला बोलाव. लगेच. आणि सिस्टरला निरोप दे, घोट्याच्या वर अजून गेलेलं नाही म्हणावं."

केविना रडायला लागली. "सुया टोचतील गं मला."

"टोचतील," तेओआत्या म्हणाली आणि तिचा पाय तसाच मांडीवर धरून बसली, मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत.